ग्रासाच्छादन आणि अंश

नगर येथील आमच्या एका स्नेह्यांचा धाकटा मुलगा गेल्या उन्हाळ्यांत अठरा वर्षांचा झाला. वयाच्या मानानें बुद्धीची वाढ मागें राहिलेल्या मुलांसाठीं जी शाळा असते, तींत तो बारा वर्षें जात होता. जून महिना उजाडला, शाळेची गाडी गल्लींत आली, आणि नेहमींप्रमाणें हा मुलगा दप्तर व पाण्याची बाटली घेऊन उंबऱ्यावर जाऊन बसला. गाडी त्याच्यासाठीं थांबली नाहीं. अठरा पूर्ण झालेल्या मुलाचें नांव पटावरून कमी होतें, ही गोष्ट घरांतील सर्वांस ठाऊक होती. फक्त त्याला ती कोणीं सांगितली नव्हती. पंधरा दिवस तो रोज सकाळीं उंबऱ्यावर बसत होता.

पुढें एके दिवशीं त्याचे वडील त्याला घेऊन आमच्याकडे आले. त्यांच्या हातांत कोरा कागद होता. जिल्हाधिकारी कचेरींत मुलाच्या पालकत्वाचा अर्ज द्यावयाचा होता, व तो आम्हीं नीट भाषेंत लिहून द्यावा अशी त्यांची इच्छा होती. "सगळ्याच बाबतींत पालकत्व आमच्याकडे राहूं द्या, आणि आमच्यानंतर थोरल्याकडे. म्हणजे पुढें कटकट नको," असें ते म्हणाले. आम्हीं लेखणी उचलली खरी, पण "सगळ्याच बाबतींत" हे दोन शब्द लिहितांना हात थांबला. "मुलाला विचारलें आहे काय?" असें आम्हीं सहज विचारलें. ते थकल्या स्वरानें हंसले. "त्याला काय विचारायचें? त्याला काय कळतें?" मुलगा शेजारीं बसून एकदां त्यांच्याकडे व एकदां आमच्याकडे पाहत होता.

हा गृहस्थ निर्दय नाहीं. अठरा वर्षें त्यानें व त्याच्या पत्नीनें या मुलाला जसें जपलें आहे, तसें आमच्यांतील किती जणांच्या हातून झालें असतें, याची आम्हांस शंकाच आहे. म्हणूनच त्याचा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाहीं. ज्यानें जन्मभर सांभाळलें, त्याला त्या सांभाळण्याच्या बळावर दुसऱ्याच्या आयुष्याचे सर्व निर्णय घेण्याचा अधिकार मिळतो काय?

आमच्या जुन्या धर्मशास्त्रानें या प्रश्नाचें उत्तर स्पष्ट देऊन ठेविलें होतें. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत वारसाचा विचार करतांना कांहीं माणसांस वांटणीबाहेर ठेविलें आहे. त्यांत जन्मांध, बहिरे आणि मुके आहेत, तसेच उन्मत्त आणि जडही आहेत. मात्र लगेच पुढें असेंही सांगितलें आहे कीं, यांस यथाशक्ति अन्नवस्त्र द्यावें, न देणारा पतित होय. मिताक्षरेनें हाच नियम पुढें चालविला. अशा माणसाचा निर्दोष मुलगा वांटणीस पात्र होतो, पण तो स्वतः जन्मभर पोसला जावा, एवढाच त्याचा हक्क. इंग्रजी अमदानींतील न्यायालयांनींही तोच चालूं ठेविला. १९२८ सालीं कायदा होऊन आंधळ्या-बहिऱ्यांवरील ही बंदी उठली. परंतु जन्मापासून जो वेडा किंवा जड असेल त्याच्यावरची तेव्हांही उठली नाहीं. ती उठावयास १९५६ चा हिंदु वारसा कायदा यावा लागला. त्याच्या २८ व्या कलमान्वयें रोग, व्यंग किंवा वैगुण्य यांच्या कारणावरून आतां कोणाचाही वारसा हिरावला जात नाहीं.

जुना नियम क्रूर होता असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. तो अन्न देत होता, वस्त्र देत होता, आणि न देणाऱ्यास पापाचें भय घालीत होता. त्यानें नाकारला तो फक्त अंश. ग्रासाच्छादन घेणाराचें पोट भरतें, पण घराच्या व्यवहारांत त्याचें मत मोजलें जात नाहीं; अंश असणारास निदान विचारावें तरी लागतें. १९५६ सालीं कायद्याच्या पुस्तकांतून गेलेला हा नियम घराघरांतून अद्याप गेलेला नाहीं. आमचे स्नेही मुलाला ग्रासाच्छादन प्रेमानें आणि भरपूर देत होते, आणि अंश आपल्याकडे ठेवण्याचा अर्ज लिहवून घेण्यास आले होते.

आतां आजचा कायदा काय म्हणतो तें पाहूं. १८७५ च्या कायद्याप्रमाणें अठरावें वर्ष पूर्ण होतांच मनुष्य सज्ञान होतो. बुद्धि किती आहे हें तो कायदा विचारीत नाहीं. १८७२ चा कराराचा कायदा विचारतो, परंतु मोठ्या शहाणपणानें विचारतो. हा मनुष्य एकंदरींत शहाणा आहे काय, हा त्याचा प्रश्न नव्हे. हा करार करते वेळीं त्याला त्याचा अर्थ कळत होता काय, आणि आपल्या हिताहिताचा विचार करतां येत होता काय, एवढेंच त्याला पाहावयाचें असतें. एरवीं ज्याचें चित्त ठिकाणावर नसतें, त्यानें तें ठिकाणावर असतांना केलेला करारही तो खरा मानतो. म्हणजे दीडशें वर्षांपूर्वींच्या कायद्यालाही हें कळलें होतें कीं, समज ही सबंध माणसाची असते-नसते अशी वस्तु नव्हे. ती त्या त्या कामापुरती पाहावयाची असते. आमच्या या मुलाला शंभराच्या नोटेचें मोल कळत नाहीं, पण दहाच्या नोटेचें बरोबर कळतें. त्याला अक्षरें येत नाहींत, तरी माळीवाड्याच्या स्थानकावर शेवगांवची एस. टी. कोणती हें तो चुकत नाहीं. काय कळतें असें विचारणाऱ्या वडिलांनींच ही गोष्ट आम्हांस मोठ्या कौतुकानें सांगितली होती.

ज्या कायद्याखालीं अर्ज करावयाचा, तो राष्ट्रीय न्यासाचा कायदा १९९९ चा आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि एकाहून अधिक अपंगत्वें असलेल्या माणसांसाठीं तो झाला. पालक नेमण्याचें काम त्यानें जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दिलें आहे. तींत जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी, नोंदलेल्या संस्थेचा एक प्रतिनिधि आणि एक अपंग व्यक्ति असे तिघे बसतात. समितीनें प्रथम दोन गोष्टी पाहावयाच्या असतात. या माणसाला पालकाची गरज आहे काय, आणि असल्यास ती कोणत्या कामांसाठीं? आमच्या स्नेह्यांनीं दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें घरूनच ठरवून आणलीं होतीं. नेमलेल्या पालकानें सहा महिन्यांच्या आंत मालमत्तेची यादी द्यावी, दरवर्षीं हिशेब सादर करावा, आणि त्यानें हयगय किंवा छळ केल्यास त्याला दूर करतां यावें, असेंही त्या कायद्यांत आहे. बापाकडून हिशेब मागणें आपल्याकडे अपमानाचें वाटतें खरें. पण बापानंतर जो येईल त्याच्याकडून तरी तो मागितला जावा, असें बापालाच वाटावयास हवें.

२००७ सालीं आपल्या देशानें अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला, आणि त्याला अनुसरून २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला. (दिव्यांग हा शब्द आम्हांस फारसा रुचत नाहीं. ज्याला रोजच्या व्यवहारांत कोणी विचारीत नाहीं, त्याच्या अंगास दिव्य म्हणणें ही स्वस्तांतली भरपाई वाटते. परंतु तो आतां कायद्याचा शब्द झाला आहे.) या कायद्यानें इतरांच्या बरोबरीनें मालमत्ता बाळगण्याचा, वारसा घेण्याचा आणि पैशाचे व्यवहार पाहण्याचा हक्क दिला आहे. पुरेसें साहाय्य देऊनही ज्याला कायदेशीर निर्णय घेतां येत नाहीं, त्याच्यासाठीं १४ व्या कलमांत मर्यादित पालकत्व सांगितलें आहे. तें ठराविक काळापुरतें आणि ठराविक निर्णयापुरतें असावें, दोघांच्या परस्परविश्वासावर चालावें, आणि त्या माणसाच्या इच्छेला धरून असावें. आणखी एक तरतूद आमच्याकडील शेतकरी कुटुंबांनीं नीट वाचावी अशी आहे. साहाय्य करणाराचा स्वतःचा स्वार्थ ज्या व्यवहारांत गुंतला असेल, त्या व्यवहारांत त्यानें बाजूला झालें पाहिजे. सातबाऱ्यावर ज्याचें नांव धाकट्या भावाच्या शेजारीं आहे, त्यानेंच धाकट्याचा हात धरून हक्कसोडपत्रावर अंगठा उठविणें, हें यापुढें चालावयाचें नाहीं. मताच्या हक्काचेंही तसेंच आहे. १९५० च्या कायद्याप्रमाणें मतदारयादींत नांव येण्यास बुद्धीची अडचण आड येते ती सक्षम न्यायालयानें त्या माणसास विकृतचित्त ठरविलें असेल तेव्हांच. घरच्यांनीं ठरवून भागत नाहीं.

यावर आमचे एक विद्वान मित्र म्हणतात कीं, हें सारें पाश्चात्य खूळ आहे. एकेकट्या माणसानें आपल्यापुरता निर्णय घ्यावा ही तिकडची रीत. आमच्या कुटुंबांत कोणीच एकटा ठरवीत नाहीं. त्यांचें निरीक्षण अगदीं खरें आहे. आमच्यांतील पदवीधर मुलगाही नोकरी पत्करतांना वडिलांस विचारतो, लग्न ठरवितांना मामांस बोलावतो, घर घेतांना मेव्हण्याचा सल्ला घेतो आणि कर्जाच्या कागदांवर बँकेंतला माणूस दाखवील तेथें, न वाचतां, सही करतो. त्याला कोणी असमर्थ म्हणत नाहीं. मग दुसऱ्याच्या मदतीवांचून, एकट्यानें, सर्व समजून निर्णय घेण्याची ही विलक्षण परीक्षा आम्ही याच एका मुलावर कां लादतों? मदतीनें ठरविणें ही आमच्या घरांची जुनी चाल आहे, आणि २०१६ चा कायदा मागतो तेंही तेवढेंच. फरक आहे तो शेवटीं. पदवीधराला सर्वांचें ऐकून झाल्यावर, "मग काय, तुझें काय म्हणणें?" असें विचारतात. याला तें विचारीत नाहींत.

"त्याच्या भल्यासाठींच" या शब्दांविषयीं आम्हांस जें भय वाटतें, त्यास कारण आहे. नगराहून पुण्याकडे जातांना जिल्ह्याची शीव ओलांडतांच घोड नदीच्या कांठीं शिरूर लागतें. तेथील मतिमंद मुलींच्या सरकारी वसतिगृहांतील कांहीं मुलींचीं गर्भाशयें फेब्रुवारी १९९४ मध्यें पुण्याच्या ससून रुग्णालयांत शस्त्रक्रिया करून काढून टाकण्यांत आलीं. त्यांस मासिक पाळीच्या वेळीं स्वच्छता राखतां येत नाहीं, हें कारण देण्यांत आलें. मुलींची संमति घेतलेली नव्हती. स्त्रियांच्या संघटनांनीं आवाज उठविला, तेव्हां उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या वेळीं पुष्कळ शिकल्यासवरल्या लोकांस यांत वावगें कांहीं दिसलें नव्हतें, हें आज मान्य केलें पाहिजे. शस्त्रक्रियेच्या बाजूनें बोलणारेही मुलींचें हितच सांगत होते. त्यांच्या बोलण्यांत नव्हती ती एकच गोष्ट : तें शरीर त्या मुलीचें आहे.

पुढें पंधरा वर्षांनीं चंदीगडच्या एका सरकारी आश्रयगृहांतील अशाच एका तरुणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला. तिच्यावर अत्याचार होऊन ती गरोदर राहिली होती. उच्च न्यायालयानें तिच्या हितासाठीं गर्भपाताचा आदेश दिला; तिला मात्र मूल हवें होतें. २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, ती सज्ञान आहे, बौद्धिक अपंगत्व सौम्य आहे, आणि तिच्या संमतीवांचून गर्भपात करतां येणार नाहीं. २०१६ च्या कायद्यानें आतां हें पक्कें केलें आहे. माणसाच्या मुक्त व समजून दिलेल्या संमतीवांचून त्यास वंध्यत्व येईल असा कोणताही वैद्यकीय उपाय त्याच्यावर करतां येत नाहीं. शिरूरच्या मुलींना हा कायदा मिळाला नाहीं.

येथें एक अडचण आहे, आणि ती लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. कांहीं मुलें अशीं असतात कीं, त्यांस होय-नाहीं हेंही खुणेनें सांगतां येत नाहीं. त्यांच्या आईला जर आम्ही संमतीचें तत्त्वज्ञान ऐकवूं लागलों, तर तिनें आम्हांस दाराबाहेर काढावें हेंच योग्य. अशा वेळीं पूर्ण पालकत्वही कायद्यास मान्य आहे, आणि तें असावें. पण आमच्या अनुभवास असें येतें कीं, कांहींच सांगतां न येणारीं मुलें फार थोडीं असतात. सांगतात पण ऐकूं जात नाहीं, अशीं फार. जेवतांना ताट दूर लोटणें, एका नातेवाइकाच्या मांडीवर बसणें आणि दुसऱ्याला पाहतांच आंत पळून जाणें, हीं उत्तरेंच आहेत. आई तीं रोज वाचते. कचेरीचा कागद पुढें आला म्हणजेच तिला तीं वाचतां येत नाहींशीं होतात, याचें नवल वाटतें.

वस्तुतः या साऱ्याची तयारी शाळेंत व्हावयास पाहिजे. अमेरिकेंतील अशा मुलांच्या शिक्षणाच्या कायद्याप्रमाणें, उशिरांत उशिरां सोळाव्या वर्षापर्यंत, शाळेनंतरच्या आयुष्याची लेखी योजना करावी लागते, व त्या बैठकीस मुलाला बोलवावें लागतें. आईबापांकडील हक्क सज्ञान झाल्यावर जेथें मुलाकडे जातात, तेथें ही गोष्ट त्याला वर्षभर आधीं सांगावी लागते. तिकडेही पुष्कळ आईबाप न्यायालयांत जाऊन संपूर्ण पालकत्व मागून घेतातच. कायद्यानें भय जात नाहीं. तरी आपल्या गाडीनें उद्यां यावयाचें नाहीं, एवढें त्या मुलाला कोणी तरी आधीं सांगतें. आपल्याकडे मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा वर्षांपर्यंत आहे. पुढें सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के राखीव जागा आहेत, व त्यांतील १ टक्का बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता, मानसिक आजार आणि असेच आणखी कांहीं प्रकार मिळून वांटून घ्यावयाचा आहे. मधला पूल कोणीं बांधावयाचा हें मात्र कोठें नीट लिहिलेलें नाहीं. अठरा वर्षांवरील मुलांसाठीं कार्यशाळा असतात, परंतु शाळांच्या मानानें त्या थोड्या. डिसेंबर २०२२ मध्यें राज्यानें दिव्यांग कल्याणाचें स्वतंत्र खातें उघडलें हें चांगलें झालें. पण हा जिल्हा राज्यांत क्षेत्रफळानें सर्वांत मोठा आहे. (२०२४ सालीं त्याचें नांव अहिल्यानगर झालें, आम्ही संवयीनें नगर म्हणतों.) अकोल्याच्या डोंगरांतील आईला मुलास घेऊन जिल्ह्याच्या कचेरींत यावयाचें तर शंभर किलोमीटरांहून अधिक यावें लागतें, आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते. तिचा हक्क कागदावर आमच्या स्नेह्यांच्या हक्काइतकाच आहे.

ज्यांस आईच नाहीं, त्यांची गोष्ट याहून विचित्र. अनाथ मुलांच्या संस्थेंतून अठरावें वर्ष संपतांच बाहेर पडावें लागतें. अमरावती जिल्ह्यांत वझ्झर येथें बेवारस अपंग मुलांस आपलें नांव देऊन वाढविणारे शंकरबाबा पापळकर वर्षानुवर्षें हेंच विचारीत आले आहेत कीं, अठरा झालीं म्हणून या मुलांनीं जावें कोठें? २०२४ सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. त्याच वर्षीं त्यांच्याकडे वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेंत उत्तीर्ण झाली. अठराव्या वर्षीं जी व्यवस्था अनाथ मुलाला तूं मोठा झालास म्हणून बाहेर काढते, तिच्याच दारांत आमचे स्नेही आमचा कधींच मोठा होणार नाहीं असा दाखला मागत होते. दोन्ही ठिकाणीं मुलगा गप्प उभा आहे.

असो. त्या दिवशीं आम्हीं अर्ज लिहिला तो असा नव्हे. प्रथम मुलाच्या वडिलांकडून कोणकोणत्या कामांत खरोखर अडतें याची यादी करून घेतली. बँकेचें खातें, शेवगांवकडील दीड एकर जिराईत जमिनींतला वांटा, आणि दवाखान्यांतील मोठ्या खर्चाचे कागद, एवढ्यावर ती संपली. कोठें राहावें, कोणाकडे जावें, काय काम करावें, हें त्या यादींत नव्हतें. "एवढेंच?" असें ते स्वतःच म्हणाले, आणि मग बराच वेळ कांहीं बोलले नाहींत.

नंतर पालक कोणी व्हावें हा प्रश्न निघाला. आम्हीं मुलाकडे वळून त्याला विचारलें कीं, आईबाबांनंतर तुझे पैसे कोणीं सांभाळावे. दोनदां विचारावें लागलें. दुसऱ्या वेळीं आम्हीं शब्द सोपे केले. त्यानें थोरल्या भावाचें नांव घेतलें नाहीं. त्यानें बहिणीचें नांव घेतलें, आणि ती संगमनेरला असते हें दाखविण्यासाठीं हातानें एस. टी. चें चाक फिरवून दाखविलें. वडील ओशाळले. मुलगी परक्या घरची, तिच्या सासरचे काय म्हणतील, थोरल्याला काय वाटेल, जमिनीचा प्रश्न निघेल, असें ते हळूहळू सांगूं लागले. तीं सर्व कारणें खरीं होतीं. आम्हांजवळही त्यांवर तयार उत्तर नव्हतें.

अर्ज अद्याप आमच्या मेजावर आहे. कामांची यादी पुरी झाली आहे. पालकाच्या नांवाची जागा कोरी आहे. संगमनेरला पत्र गेलें आहे, आणि दिवाळीला बहीण माहेरीं येईल तेव्हां सर्वांनीं बसून बोलावें असें ठरलें आहे. त्या बैठकींत मुलालाही बसवावयाचें, हें त्याच्या आईनें आपण होऊन सांगितलें.